आधी छज्जा, मग भिंत

नमस्कार मंडळी! गिरगाव घ्या, पार्ले घ्या, चेंबूर घ्या, रिडेव्हलपमेंटमुळे हल्ली गल्लीगल्लीत हिरवी जाळी लावून एखादी बिल्डिंग पाडायचं काम चालूच असतं. नोएडाचे ट्विन टॉवर्स 28 ऑगस्ट 2022 ला सुरुंग लावून काही सेकंदांत आडवे केले ते टीव्हीवर बघितलं असेल, ते काम मुंबईच्याच एडिफिस कंपनीने आफ्रिकेतल्या तज्ज्ञांना सोबत घेऊन केलं होतं. पण आपल्याकडे दोन बिल्डिंगच्या मधून स्कूटर जेमतेम जाते, तिथे कसला सुरुंग? इथे वरून एकेक मजला उतरवत यायचं.

आणि त्यातही क्रम असतो बरं का. बाहेर आलेला छज्जा किंवा बाल्कनी मागच्या भिंतीच्या वजनावर टिकलेली असते, म्हणून आधी छज्जा तोडायचा आणि मग भिंत, उलट केलं की छज्जा सरळ खाली. दुसरं म्हणजे डेब्रिज, म्हणजे तोडलेला राडारोडा, स्लॅबवर साठू द्यायचं नाही, खालच्या मजल्याला टेकू लावायचे, नाहीतर त्या ढिगाने स्लॅबच बसते. आता गंमत अशी की कॉन्ट्रॅक्टरची बरीचशी कमाई भंगारातून येते, सळया, ग्रिल, जुन्या चाळीतलं सागवान, त्यामुळे घाई कुठे होते ते सांगायला नको!

कागदावर नियम भरपूर आहेत. धोकादायक बिल्डिंगला महापालिका कायद्याच्या कलम 354 ची नोटीस येते, त्यात सी-1 हा सगळ्यात धोकादायक वर्ग, म्हणजे रिकामी करा आणि पाडा. बिल्डिंगच्या मजबुतीचे दोन ऑडिट रिपोर्ट जुळत नसतील तर प्रकरण पालिकेच्या टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी कमिटीकडे जातं. भाडेकरूंनो, खोली सोडण्याआधी तिचं क्षेत्रफळ पालिकेच्या रेकॉर्डवर मोजून घ्या, नंतर भिंतच उरत नाही मोजायला. बेकायदा बांधकामाचं वेगळं आहे, तिथे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय की किमान 15 दिवसांची नोटीस हवी आणि पाडताना व्हिडिओ शूटिंगही हवं.

पण माझं म्हणणं असं की नोटिशीवर जेवढी नजर असते तेवढी हातोडा चालतो तेव्हा नसते. इंजिनियर साइटवर आहे का, गॅस आणि लाइट तोडलीय का, पाणी मारतायत का, हे शेजाऱ्यांनीच विचारावं लागतं. तुमच्या शेजारी काम सुरू होणार असेल तर आधीच आपल्या घरातल्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे देऊन ठेवा, म्हणजे उद्या तडा गेला तर तो जुनाच होता असं कोणी म्हणू शकणार नाही.