कारवी घोळक्यानंच का उगवते?

(धुक्यातली चढणीची वाट, पावसाचा आवाज)

भीमाशंकरच्या रानात चढताना एका वळणावर सगळं अचानक बदलतं बघा. आत्तापर्यंत जांभूळ, अंजनी, हिरडा असं मिसळलेलं रान होतं आणि आता दोन्ही बाजूंना नुसती कारवी, डोक्याच्या वर गेलेली, इतकी दाट की आत शिरायला वाट नाही, आणि जरा पुढं गेलं की परत एक काडीसुद्धा दिसत नाही.

झुडपं रानात तीन तऱ्हेनं पसरतात. घोळक्यानं, नाहीतर कुठंही कशीही, नाहीतर एकमेकांपासून सारखं अंतर राखून. नुसतं बघून हे ठरवलं तर डोळा फसतो, म्हणून १९५४ साली क्लार्क आणि इव्हान्स या दोन शास्त्रज्ञांनी एक सोपा हिशोब मांडला. प्रत्येक झुडपापासून त्याच्या सगळ्यात जवळच्या शेजाऱ्यापर्यंत टेप लावायची, सरासरी काढायची, आणि तेवढीच झुडपं तेवढ्याच जागेत डोळे मिटून फेकली असती तर सरासरी किती आली असती, त्यानं तिला भागायचं. उत्तर १ च्या आसपास आलं तर कशीही पसरलेली, १ पेक्षा बरंच कमी आलं तर घोळका, बरंच जास्त आलं तर अंतर राखलेलं.

(वाळलेली बोंडं, जवळून)

कारवीचा घोळका होतो तो या बोंडांमुळे. सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एकदाच सगळी मिळून फुलते आणि मरते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०१६ ला फुलली, नंतर २०२४ ला. फुलं गेल्यावर बोंडं वाळतात, तडतडत उकलतात आणि बी उडतं, पण उडून उडून जाणार किती, आईच्या आसपासच पडतं. पावसात सगळं एकदम उगवतं, नुसती खच्चून गर्दी, मग उजेडासाठी ओढाताण आणि कमजोर रोपं मरतात. म्हणून लांबून जो घोळका दिसतो त्याच्या आत शिरून मोजलं तर मोठ्या झालेल्या कारव्यांमधलं अंतर बरंचसं सारखं झालेलं सापडू शकतं. झुडपं तीच, पण किती मोठा तुकडा मोजायला घेतला त्यावर उत्तर फिरतं, आणि मला तर या सगळ्यात हेच सगळ्यात भारी वाटतं.

करवंदाचं तंत्र वेगळं. डोंगरची ही काळी मैना पाखरं खातात, उदमांजर खातं, आणि बी जाऊन पडतं ते जिथं पाखरू बसलं तिथं. म्हणून करवंदीची जाळी एकट्या झाडाखाली नाहीतर रानाच्या कडेला उन्हात भेटते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. हेक्टरी इतकी झुडपं असा आकडा कुणी दिला की लगेच विश्वास ठेवू नका, कारण रानात ठरावीक मापाची चौकट आखून तिच्यातलीच झुडपं मोजतात, आणि ती चौकट कारवीच्या घोळक्यात पडली तर आकडा फुगतो, बाहेर पडली तर शून्य येतो. चौकटी भरपूर हव्यात, उतारावर, माथ्यावर, ओढ्याकाठी, सगळीकडे.

(मेलेल्या कारवीचा उतार, पहिला पाऊस)

ही कारवी फुलून मेली. यातल्या काड्या कुडाच्या भिंतींसाठी गावात जातील, वरून शेणमाती लिंपतील. आणि इथं खाली बघा, वाळलेल्या बुंध्यांशी दोन-दोन पानांची रोपं आलीत, जुन्या घोळक्याच्या कडेपासून जेमतेम काही फूट पुढं सरकलेली.