हेजहॉग लावला म्हणजे पायदळ सुटलं असं नाही!

नमस्कार मंडळी! युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाचा (१६१८–४८) डाव, म्हणजे छोट्या मूर्ती आणि फासे घेऊन खेळायचा युद्धखेळ, टेबलावर मांडला होता, त्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, घोडदळ अंगावर आलं की पायदळाने करायचं काय?" आज तेवढंच बोलू.

सुरुवातीचं पटकन उरकतो. पाइक म्हणजे साधारण १६ फुटी भाला, त्याच्या आडोशाला मस्केटवाले, म्हणजे लांब बंदुका घेतलेले शिपाई. टोकांच्या भिंतीवर घोडा सहसा जात नाही, म्हणून समोरून आलेल्या चार्जला नियम पाइकवाल्यांच्या बाजूने झुकतात. आणि हो, हा आपला पाईक नव्हे. एका ताईंनी कमेंटमध्ये तुकोबांच्या पाइकाच्या अभंगांची आठवण काढली, फार बरं वाटलं. तो पाईक म्हणजे निष्ठावान शिपाई, हा पाइक म्हणजे नुसतं शस्त्र.

आता मुद्द्याचं. हेजहॉग, म्हणजे चारही बाजूंना पाइक रोखून उभं राहणं. हा बेस, म्हणजे मूर्ती चिकटवलेली पट्टी, बघा (बेस कॅमेऱ्याजवळ धरतो). कडेची प्रत्येक मूर्ती बाहेर तोंड करून आहे आणि मस्केटवाले मधे दाटीवाटीने कोंबलेत. आता मला सांगा, ही रेजिमेंट पुढे कशी चालणार? या गर्दीत नेम धरून गोळीबार कसा करणार? हेजहॉगमध्ये हालचाल जवळपास संपते आणि गोळीबारही मंदावतो. हे ध्यानात ठेवा.

दुसरं, वेळ. बऱ्याच नियमांत हेजहॉग चार्ज जाहीर झाल्यावर, पण घोडे भिडायच्या आत लावायचा असतो, आणि त्यासाठी फासा टाकावा लागतो. फासा पडला नाही की रेजिमेंट अर्धवट वळलेली सापडते. त्याची भीती वाटते म्हणून लोक दुसऱ्याच खेळीत सगळं पायदळ हेजहॉगमध्ये घालून बसतात. अहो, नका करू असं!

मी स्वतः केलंय. रोक्रुआच्या, म्हणजे फ्रेंच-स्पॅनिश लढाईच्या डावात माझ्या स्पॅनिश तेर्सिओंचे (पाइक आणि मस्केटवाल्यांच्या मोठ्या पायदळ तुकड्यांचे) मी आधीच हेजहॉग करून ठेवले. समोरच्या मित्राने चार्ज केलाच नाही. घोडदळ नुसतं टप्प्यात आणून उभं केलं आणि तोफा पुढे ओढल्या. घोडे समोर असल्यामुळे मला हेजहॉग मोडता येईना, आणि न मोडावा तर त्या गर्दीत एकेक गोळा रांगच्या रांग नेत होता. तीन खेळींत मधला तेर्सिओ गेला. त्या दिवशी मला १९ मे १६४३, म्हणजे खऱ्या रोक्रुआचा दिवस, खऱ्या अर्थाने कळला. तिथेही शेवटी एकट्या पडलेल्या तेर्सिओंनी फ्रेंचांचे हल्ले पुन्हा पुन्हा परतवले, मग फ्रेंचांनी त्यांच्यावर तोफा आणल्या.

"मग संगीन का नाही?" असंही विचारलंय. सुरुवातीची संगीन नळीतच खोचायची, म्हणजे ती लावली की गोळी बंद. तिथेही तोच हिशेब.

म्हणून मी आता शेजारच्या दोन रेजिमेंटपैकी एकच हेजहॉगमध्ये घालतो. दुसरी सरळ रांगेत, मस्केट भरून, जरा मागे ठेवतो. हेजहॉगला वळसा घालणाऱ्या घोडदळाची कूस तिच्यासमोर उघडी पडते, आणि तोफा पुढे सरकल्याच तर त्यांच्यावर चालून जायला कोणीतरी मोकळं असतं.