दिवसाचा ड्रॅक्युला, रात्रीचा ड्रॅक्युला

नमस्कार, श्रोतेहो. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ सालची. ती पडद्यावर पहिल्यांदा गाजली १९२२ मध्ये, जर्मनीत. दिग्दर्शक मुर्नाऊनं परवानगी न घेताच ‘नोस्फेराटू’ काढला. स्टोकरच्या पत्नी कोर्टात गेल्या, प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला, तरी काही प्रती वाचल्या. उन्हानं पिशाच्च मरतं, ही कल्पना याच चित्रपटाची. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो बरं का!

पण मला आज सांगायचंय ते १९३० सालच्या हॉलिवूडबद्दल. बोलपट नुकते आले होते, डबिंगची घडी बसली नव्हती. मग स्पॅनिश प्रेक्षकांसाठी काय करायचं? युनिव्हर्सल कंपनीनं ‘ड्रॅक्युला’ दोनदा काढला. दिवसा दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग आणि ड्रॅक्युला झालेले बेला लुगोसी इंग्रजीत काम करायचे. संध्याकाळी ती मंडळी घरी गेली, की त्याच सेटवर दुसरी मंडळी यायची. तोच किल्ला, तोच जिना, तीच कोळिष्टकं. दिवसा इंग्रजी, रात्री स्पॅनिश! रात्रीचे दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्ड, आणि त्यांना स्पॅनिश येत नव्हतं! ड्रॅक्युला झाले कार्लोस व्हिलारियास, नायिका मेक्सिकोची लुपिता तोवार. दिवसा काय चित्रित झालंय ते बघून रात्रीची मंडळी त्याहून सरस करायला झटायची. आणि केलंही! इंग्रजीत ड्रॅक्युला जिन्यावर दिसतो तेव्हा कॅमेरा लांबच राहतो. स्पॅनिशमध्ये कॅमेरा जिन्यावरून सरसरत थेट ड्रॅक्युलापाशी जातो. पुढे लुपितानं निर्माते पॉल कोनर यांच्याशी लग्न केलं. या स्पॅनिश चित्रपटाचं एक रीळ मात्र अमेरिकेतल्या प्रतीत खराब झालं होतं. ते अखेर क्युबात मिळालं.

लुगोसीच्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ती शांतता अंगावर येते. आमच्या मालिकांमध्ये सासूबाईंनी नुसतं वळून पाहिलं तरी तीनदा ढॅण होतं. कानांना थोडी उसंत द्या हो!

१९५८ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीनं ख्रिस्तोफर ली यांना ड्रॅक्युला म्हणून उभं केलं, आणि रक्ताला लाल रंग आला. ली उत्तमच. पण माझं मत विचाराल तर डोळे लुगोसीचे, आणि कॅमेरा रात्रीच्या मंडळींचा. पुन्हा सांगते, एकच सेट, दोन चित्रपट. दोन्ही मिळवा, आणि आधी तो जिन्याचा प्रसंग लागोपाठ बघा. आधी दिवसाचा, मग रात्रीचा.