श्वासावर उडी मारू नका! एमबीसीटीमधलं पहिलं मिनिट

नमस्कार मंडळी. एमबीसीटीवर, म्हणजे सजगता (माइंडफुलनेस) आणि कॉग्निटिव्ह थेरपी (विचारांच्या सवयी ओळखून त्यांवर काम करणारा उपचार) एकत्र आणणाऱ्या उपचारपद्धतीवर बोला, असं तुम्ही इतक्यांदा लिहिलंय की आता टाळणं शक्य नाही.

ओळख पटकन उरकते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत ताणतणावासाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी त्याला कॉग्निटिव्ह थेरपीची जोड दिली. आठ आठवडे, दर आठवड्याला साधारण दोन तास गटात, आणि घरी रोजचा सराव. उद्देश मुख्यतः हा, की बरं झालेलं नैराश्य पुन्हा उलटू नये. सुरुवातीला एक मनुका अगदी सावकाश, लक्ष देऊन खायला लावतात. "मनुका आवडत नसेल तर?" हा प्रश्न मला अजूनही येतो. अहो, दुसरं काहीतरी खा!

आता मुद्दा. तीन मिनिटांचा सराव. आधी आत्ता आत काय चाललंय ते पाहायचं: विचार, भावना, शरीरातल्या संवेदना. मग लक्ष श्वासावर. मग श्वासावरून अख्ख्या शरीरावर. झालं. कमेंट येते, "ताई, केलं, काही फरक नाही." मी विचारते, पहिल्या मिनिटात काय दिसलं? उत्तर येतं, "ते सोडलं, थेट श्वासावर गेले." आता काय बोलायचं!

ज्याला नैराश्य येऊन गेलंय, त्याला जराशी उदासी आली तरी मन जुनी वाट धरतं. मलाच असं का होतं? माझं काय चुकतं? उत्तर सापडेल या आशेने खल सुरू राहतो आणि त्या खलानेच उदासी वाढते. हे सुरू झालंय हे कळायची जागा म्हणजे ते पहिलं मिनिट. ते गाळून श्वासाकडे गेलात, तर तुम्ही फक्त पळ काढलात.

परवा मी एका मैत्रिणीला मेसेज केला. तिने वाचला, उत्तर नाही. क्षणात मनात आलं, "ती चिडलीय." पोटात गोळा. आता हातात एवढंच होतं, की तिने मेसेज वाचलाय. चिडलीय हा माझा विचार, आणि पोटातला गोळा त्या विचाराचा. हे तिन्ही सुटं दिसलं की पहिल्या मिनिटाचं काम झालं. ती खरंच चिडली होती का, हे मला अजून माहीत नाही आणि सरावाला त्याने फरकही पडत नाही.

काहीजण इथे वेगळाच घोळ घालतात. "मी कुचकामी आहे" असं मनात आलं की लगेच "नाही, मी भारी आहे!" सुरू. हा सकारात्मक विचारांचा डोस मला अगदी डोक्यात जातो. विचाराशी भांडायचं नाही, त्याला गोडही करायचं नाही. "मी कुचकामी आहे असा विचार आलाय," एवढंच म्हणा. उदासी तिथेच असेल. असू दे की.

"पुरावा काय?" विचारणाऱ्यांसाठी: २००० साली प्रसिद्ध झालेल्या १४५ जणांच्या अभ्यासात, ज्यांना तीन किंवा जास्त वेळा नैराश्य आलं होतं त्यांच्यात ते उलटण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के होतं, एमबीसीटी घेतलेल्यांत ३७. दोनदाच आलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणून प्रत्येकाला हेच घ्या असं मी सांगत नाही.

आणि "मग गोळ्या बंद करू का?" नाही! २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात लोकांनी एमबीसीटीसोबत औषधं कमी केली, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. जीव नकोसा वाटत असेल तर व्हिडिओ बघत बसू नका, आजच डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला सांगा.

बॉडी स्कॅन, म्हणजे शरीराच्या एकेका भागावर क्रमाने लक्ष नेण्याचा सराव, करताना झोप लागते म्हणणाऱ्यांनो, तुमचं पुढच्या वेळी. तोवर डोळे उघडे ठेवून करून बघा.