दुहेरीतला मागचा खेळाडू : फू हायफंगची कारकीर्द

मित्रहो, बॅडमिंटनच्या गप्पा आपल्याकडे बहुतेक वेळा एकेरीभोवती फिरतात. चीनचा विषय निघाला की लिन डॅनचे नाव चटकन ओठांवर येते. त्याच संघात, त्याच वर्षांत चार वेळा जगज्जेता झालेल्या आणि ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके मिळवलेल्या फू हायफंगची मात्र ओळख करून द्यावी लागते. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे, कारण दुहेरी हा खेळ नेमका काय आहे, हे त्याच्या कारकिर्दीइतके स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

ग्वांगदोंग प्रांतातल्या या खेळाडूची पहिली ख्याती त्याच्या स्मॅशची, म्हणजे डोक्यावरून खाली जोरात हाणलेल्या फटक्याची. २००५ साली बीजिंगच्या सुदिरमन चषक स्पर्धेत त्याचा एक फटका ताशी ३३२ किलोमीटर वेगाचा मोजला गेला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीचा जोडीदार सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रम केला, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण तो मोजणीसाठी मुद्दाम घेतलेल्या चाचणीतला आहे, आणि फूचा फटका भर सामन्यातला होता, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

हा आकडा रॅकेट सोडतानाच्या वेगाचा असतो. फूल, म्हणजे शटल, पिसांचे असल्यामुळे हवेत त्याचा वेग झपाट्याने उतरतो, आणि समोरचे दोघे शेजारी-शेजारी, गुडघे वाकवून, रॅकेट छातीपुढे धरून तयारच उभे असतात. म्हणून दुहेरीत नुसत्या स्मॅशवर गुण मिळतोच असे नाही. मागून पहिला फटका येतो, समोरचा तो कसाबसा परतवतो, आणि ते परतलेले फूल जाळीवरून हातभर वर तरंगते न तरंगते तोच पुढे उभा असलेला जोडीदार ते खाली दाबतो. टाळ्या पडतात त्या पुढच्याला, किंवा मागच्याच्या ताकदीला. पण तो गुण खरे तर त्या दोघांमधल्या सात-आठ फूट अंतराचा असतो. मागच्याने कुठे मारले की पुढच्याने कुठे सरकायचे, हे विचारायला तिथे वेळ नसतो.

फूच्या पुढे हे काम त्साय युन करीत असे. तो सूचौचा, फूहून तीन-चार वर्षांनी मोठा, विलक्षण चपळ आणि सपाट, वेगवान फटक्यांच्या देवाणघेवाणीत रमणारा. या जोडीने २००६ साली माद्रिदला पहिले जगज्जेतेपद मिळवले. तरीही ऑलिंपिकच्या पुरुष दुहेरीचे सुवर्ण चीनकडे नव्हतेच. १९९२ ते २००४ या चार ऑलिंपिकमध्ये ते दोनदा इंडोनेशियाकडे आणि दोनदा दक्षिण कोरियाकडे गेले होते. संघाचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो स्वतः दुहेरीतले माजी जगज्जेते, बार्सिलोनाचे कांस्यपदक विजेते. तेव्हा ही उणीव त्यांना किती सलत असेल, हे समजण्यासारखे आहे. २००८ मध्ये बीजिंगला, घरच्या प्रेक्षकांसमोर, अंतिम सामन्याचा पहिला गेम फू आणि त्साय यांनी २१-१२ असा जिंकला. मग मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावान यांनी पुढचे दोन गेम २१-११, २१-१६ असे घेतले, आणि सुवर्ण पुन्हा इंडोनेशियाला गेले.

त्यानंतरचे वर्ष मला सर्वांत मोलाचे वाटते. २००९ ची जागतिक स्पर्धा आपल्या हैदराबादेत झाली. अंतिम फेरीत समोर कोरियाचे जुंग जे-सुंग आणि ली योंग-दे होते. निकाल २१-१८, १६-२१, २८-२६. शेवटचा आकडा जरा सावकाश वाचावा. गेम २१ चा, पण दोन गुणांची आघाडी लागते. म्हणजे २० पासून २६ पर्यंत सात वेळा दोन्ही बाजू बरोबरीत आल्या असल्या पाहिजेत. बीजिंगचा घाव वर्षभरापूर्वीचा असताना, दर दुसऱ्या गुणाला सामना हातून जाण्याची शक्यता असताना, या दोघांनी सातही वेळा एकमेकांवरचा भरवसा ढळू दिला नाही. पुढे २०१० ला पॅरिस आणि २०११ ला लंडन येथेही तेच जगज्जेते ठरले. लंडनच्या ज्या वेम्बली अरीनात २०११ चे विजेतेपद मिळाले, त्याच सभागृहात पुढच्या वर्षी ऑलिंपिकचे सामने झाले आणि डेन्मार्कच्या माथियास बो आणि कार्स्टन मोगेनसन यांना २१-१६, २१-१५ असे हरवून त्यांनी चीनला पुरुष दुहेरीचे पहिले सुवर्ण मिळवून दिले. बॅडमिंटनची पाचही सुवर्णपदके त्या वर्षी चीनने जिंकली.

इथे थांबला असता तरी कुणी नाव ठेवले नसते. त्साय युन तेव्हा ३२ वर्षांचा होता, आणि पुढच्या काही काळात ही जोडी सुटली. फूला नवा जोडीदार मिळाला तो झांग नान, वयाने सहा-सात वर्षांनी लहान आणि मिश्र दुहेरीचा ऑलिंपिक विजेता. मिश्र दुहेरीत पुरुष बहुधा मागचे कोर्ट सांभाळतो, म्हणजे फूची सवयीची जागा हीच झांगचीही जागा. जुन्या जोडीत कोण कुठे हे ठरलेले होते. इथे दोघांनाही आपली जागा सोडायला शिकावे लागले, आणि दशकभर एकाच माणसाच्या पाठीमागे खेळलेल्या फूला ते किती जड गेले असेल, याची कल्पना ज्याने दोन मोसम एकाच भिडूबरोबर काढून मग दुसरा घेतला आहे त्यालाच येईल.

२०१६ मध्ये रिओला अंतिम सामना मलेशियाच्या गोह व्ही शेम आणि तान वी किओंग यांच्याशी झाला. झांग त्या स्पर्धेत मिश्र दुहेरीही खेळत होता, त्यात त्याला कांस्य मिळाले. पहिला गेम फू आणि झांग १६-२१ असा हरले, दुसरा २१-११ असा घेतला, आणि तिसरा २३-२१. पुरुष दुहेरीचे सुवर्ण तोपर्यंत कुणीही दोनदा जिंकले नव्हते. फूने ते दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर जिंकले, आणि तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, लंडनला त्साय युन जितका होता तितकाच.