सागवानी केबिनचा ट्रक

हिंगणघाट तालुक्यातील एका बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात, कडुनिंबाखाली उभा असलेला हा ट्रक टाटा-मर्सिडीज-बेंझचा आहे. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डायमलर-बेंझ यांच्यात १९५४ मध्ये झालेला करार १९६९ पर्यंत चालला. त्या काळात जमशेदपूरला तयार झालेले ट्रक नाकावर मर्सिडीजचा तारा मिरवत, आणि पुढे त्याची जागा टाटांच्या ‘टी’ अक्षराने घेतली. या ट्रकावर तारा अजून टिकून आहे, त्याचे एक टोक मात्र मोडले आहे.

कारखान्यातून येई ती इंजिन आणि बोनेटसह नुसती चेसिस. चालकाची केबिन आणि मागचा हौदा गावोगावचे बॉडी बिल्डर बांधत, आणि त्यांच्या हाताशी आलापल्ली-बल्लारपूरकडचे सागवान असे. या केबिनचा सांगाडा सागवानाचा आहे. कुसू (लाकडाचे पुढे काढलेले टोक) आणि ते बसवायची खाच यांनी सांधलेला, वरून पत्रा ठोकलेला. ज्या सुताराने बैलगाडीची साटी घडवली असेल, त्याच्याच घडणीचे हे हात आहेत, असे हे सांधे पाहताना वाटत राहते.

जुन्या वाहनाचे जतन म्हणजे त्याला नव्यासारखे चकचकीत करणे, ही समजूत मला घातक वाटते. येथे खालचे जे लाकूड उधळीने, म्हणजे वाळवीने, पोखरले होते तेवढेच कापून, त्याच मापाचा जुन्या सागवानाचा तुकडा सांधला आहे आणि उरलेल्या लाकडाला जवसाचे तेल पाजले आहे. हौद्याच्या फळीवरचा, म्हणजे फाळक्यावरचा, रंग ओल्या पॉलिशपेपरने हळूहळू घासला, तेव्हा एकाखाली एक असे तीन थर निघाले आणि सर्वांत खालच्या थरात रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) गाठीचे चित्र दिसले. पुढचे घासणे तिथेच थांबवले. चेसिसवर चिकटलेली काळी माती मात्र पूर्ण काढावी लागली, कारण ती पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खात जाते.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी स्टार्टर मारला, तर गंजाने चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटतात. म्हणून सहाही सिलिंडरांचे डिझेल फवारणारे नोझल काढून आत डिझेल आणि ऑइलचे मिश्रण ओतले, काही दिवस मुरू दिले, आणि मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिले. पाचव्या दिवशी ते बोटभर सरकले.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि मोटारींसाठी ‘विंटेज’ वाहन म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली. माल वाहणारी वाहने त्या व्याख्येत बसत नाहीत. श्रीमंताच्या मोटारीला वारसा म्हणायचे आणि ज्या ट्रकाने या भागाचा कापूस वाहिला त्याला भंगार म्हणायचे, हा भेद मला अन्याय्य वाटतो. हा ट्रक वाचला तो केवळ जिनिंगच्या मालकाने भंगारवाल्याला दोनदा परत पाठवल्यामुळे.

डिझेल पंप सध्या दुरुस्तीला दिला आहे. पाऊस लागण्यापूर्वी केबिनच्या टपावर पत्रा चढवायचा आहे, आणि आज सकाळपासून सुतार त्याच्याच आडव्या पट्ट्या रंधत आहेत.