काळ्या मातीतलं नत्र आणि कोळसा

[दृश्य: मे महिना, इंदूरजवळचं नांगरून पडलेलं शेत]

माळव्याची काळी माती उन्हात अशी तडकते की भेगेत अख्खा हात जातो. पहिल्या सरींनी ओल मिळाली की मातीतले जिवाणू जागे होतात आणि साठलेल्या सेंद्रिय नत्राचं नायट्रेट, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारं नत्राचं रूप, करू लागतात. शेतात मात्र अजून पीक नसतं. ते शोषणार कोण? मागून येणारा दणदणीत पाऊस अजून न बुजलेल्या भेगांतून उतरतो आणि बरंचसं नायट्रेट मुळांच्या आवाक्याबाहेर नेतो.

काळी माती तर धरून ठेवणारी, मग हे कसं? धरते ना. अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम हे सगळे धनभारी, आणि चिकणमातीच्या कणांवर ऋणभार, म्हणून ते तिला चिकटतात. नायट्रेट स्वतःच ऋणभारी, म्हणून ते चिकटत नाही. गव्हाला दिलेल्या युरियाचंही शेवटी नायट्रेटच होतं, आणि जे पिकाला लागत नाही ते विहिरीकडे निघतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त झालं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते.

[दृश्य: धुमसती भट्टी, शेजारी पऱ्हाट्यांचा ढीग]

इथे बायोचार येतो. पऱ्हाट्या, तुराट्या, लाकूडफाटा हवा कोंडून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजला की राख होत नाही, सच्छिद्र कोळसा उरतो. त्याच्या छिद्रांत पाणी थांबतं आणि पाण्यासोबत नायट्रेटही रेंगाळतं. जमिनीत मुरेल तसा त्याचा पृष्ठभाग ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि अमोनियम धरण्याची ताकद वाढते.

पण भट्टीतून काढला आणि शेतात फेकला, असं करू नये. ताजा कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो, आपली काळी मातीही बहुतेक तशीच. त्यात युरिया पडला की अमोनिया हवेत उडण्याची भीती. म्हणजे खाली जाणारं वाचवायचं आणि वर उडवायचं! शिवाय ताज्या कोळशातलं पोटॅश सुरुवातीला स्वतःच पाण्याबरोबर निघून जातं.

उपाय आहे कंपोस्टच्या खड्ड्यात. कंपोस्टबरोबर मुरलेल्या बायोचारच्या छिद्रांत सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर बसतो आणि नायट्रेट त्यात अडकतं, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. इंदूरकरांना यात नवल वाटायला नको. १९२४ साली होळकर संस्थानात सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यावर काम केलं. शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख घालून खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. त्याच खड्ड्यात आता कोळसाही घालून बघायचा, इतकंच.

खरा फायदा मात्र हलक्या, वाळूसर जमिनीत जास्त दिसतो. इंदूरच्या रामबागेतल्या गच्चीवरच्या कुंड्यांतही, कारण तिथे रोजच्या पाण्याबरोबर खत तळाच्या भोकातून जातच असतं. भारी काळ्या रानात फरक कमी पडतो, तो मोजूनच ठरवावा. तोवर गव्हाचा युरिया एकदम न टाकता काही पेरणीला आणि उरलेला पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावा. त्याला भट्टी लागत नाही.